अंगठा आणि अनामिका

वयाची पन्नाशी उलटल्यावर माणसाने काय करावे, याविषयी आपल्या शास्त्रकारांनी पुष्कळ सूचना करून ठेवल्या आहेत. कारभार मुलाच्या हाती द्यावा, नातवंडाचे मुख पाहावे, केस पिकल्याची खात्री करून घ्यावी आणि वनाची वाट धरावी. गिटार शिकू नये, असे मात्र त्यांनी कोठे लिहिलेले आमच्या पाहण्यात नाही. शास्त्र मौन धरील तेथे शिष्टांचा आचार पाहावा म्हणतात. परंतु अमरावतीत आमच्या वयाच्या व आमच्या पेशाच्या शिष्टांपैकी कोणी हे वाद्य हाती धरल्याचे ऐकिवात नसल्यामुळे तेही प्रमाण आम्हांस लागू पडेना. तेव्हा श्रुतिस्मृतींच्या या मौनाचा फायदा घेऊन २०१९ सालच्या हिवाळ्यात आम्ही कपाटावरून ती वस्तू खाली काढली.

वस्तू आमच्या कन्येची. ती नोकरीनिमित्त पुण्यास गेली तेव्हा पुस्तके, कपडे, लोणच्याची बरणी आणि आईचे अश्रू एवढे बरोबर घेऊन गेली. गिटार जुन्या चादरीत गुंडाळून मागे ठेवली. नायलॉनच्या तारांची, साधी, कोणा नामवंत कारागिराची नव्हे. ती आणली तेव्हा आम्हीच तिच्यावर कुरकुर केली होती, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे. मुलगी घरातून गेल्यावर घर मोठे होते, असा अनुभव पुष्कळांस असेल. त्या मोठ्या झालेल्या घरात संध्याकाळी आम्ही चादर सोडली, एक तार छेडली, आणि सौभाग्यवती स्वयंपाकघरातून "आली का गं?" असे म्हणत बाहेर आली. त्यानंतर ते वाद्य पुन्हा गुंडाळून ठेवणे आम्हां दोघांनाही जमले नाही.

गिटार वाजविण्याचे स्थूलमानाने दोन मार्ग आहेत. एक, हातात नखी घेऊन साऱ्या तारांवरून झपाट्याने हात फिरवावा आणि दुसऱ्या कोणी गावे. दुसरा, नखी टाकून द्यावी, अंगठा व तीन बोटे यांना वेगवेगळ्या तारा नेमून द्याव्यात आणि खर्ज, साथ व सुरावट ही तिन्ही कामे एका हाताने पार पाडावीत. आमचा गळा ईश्वराने व्याख्यानापुरताच दिलेला असल्यामुळे पहिला मार्ग बंद होता. दुसऱ्या मार्गाला हल्ली फिंगरस्टाइल म्हणतात. नाव परकीय असले तरी बोटांनी तार छेडणे आपल्याकडे नवे नव्हे. मिरजेच्या तंबोऱ्यामागे बसणारा शिष्य पहिली तार मध्यमेने व उरलेल्या तिन्ही तर्जनीने छेडतो, तो हाच मार्ग. फक्त त्याला सुरावट सांभाळावी लागत नाही, आणि समोर गवई बसलेला असल्यामुळे चुकण्याची चैनही त्याला परवडत नाही.

हे वाद्य आपले नव्हे, असे आमच्या एका सहकाऱ्यांनी आम्हांस पहिल्याच आठवड्यात बजावले. ते स्वतः पेटी उत्तम वाजवितात. पेटी युरोपातून आली, १९४० साली रेडिओने तिच्यावर बंदी घातली, ती सुमारे तीन दशके टिकली, आणि एवढे होऊनही आज कोणाचे कीर्तन पेटीवाचून उभे राहत नाही, हा इतिहास आम्ही त्यांना नम्रपणे ऐकविला. व्हायोलिनची कथा अशीच. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी ते हाती घेतले आणि आज कर्नाटक मैफलीत ते नसेल तर चुकल्यासारखे वाटते. गिटार तर गोव्याच्या घराघरांत रुळली, गोमंतकीय वादकांबरोबर मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत शिरली. ब्रिजभूषण काबरा यांनी ती मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग वाजविले. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर व बासरी यांच्या पंक्तीला ती बसली आहे. सहकाऱ्यांनी हे सारे ऐकून घेतले व म्हणाले, "ते ठीक, पण तुम्ही वाजवीत आहात ते कोठे बसते?" या प्रश्नाला उत्तर नव्हते.

गुरू करावा की नाही, हा पुढचा प्रश्न. तीस वर्षे वर्गात उभे राहून इतरांना शिकविणाऱ्या माणसास स्वतः कोणासमोर बसणे किती जड जाते, हे शिक्षकी पेशातील वाचकांस सांगावयास नको. आम्ही या जडपणाला स्वाध्याय असे भारदस्त नाव दिले. त्याच्या समर्थनार्थ दाखलेही गोळा केले. स्पेनचा आंद्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७), ज्याने गिटारला दिवाणखान्यातून उचलून जगातील मोठमोठ्या सभागृहांत नेले, तो आपणच आपला गुरू व आपणच आपला शिष्य असे अभिमानाने सांगे. आमचे गोविंदराव टेंबे पेटी बव्हंशी स्वतःच शिकले. आणि दाखला द्यावयाचा तर एकलव्याहून मोठा कोण? फुरसतीने विचार केल्यावर या दाखल्यांतील भोके आम्हांस दिसू लागली. सेगोव्हियावर बार्सिलोनाच्या मिगेल लोबेटच्या सहवासाचा ठसा पडला होता. टेंब्यांनी भास्करबुवांना गुरू मानले होते. प्रत्यक्ष तालीम मिळाली नसली तरी कानांनी त्यांचे शिष्यत्व पत्करले होते. राहिला एकलव्य. त्याने निदान मातीचा तरी द्रोण केला होता. आम्ही तेवढेही केले नाही. शिवाय त्याचा अंगठा गेला तो विद्या आल्यानंतर. आमचा अंगठा विद्येच्या आरंभीच हातचा गेला होता, आणि ते आम्हांस तीन वर्षे कळले नाही.

पण ते पुढे. आरंभी आम्ही पुस्तके आणली. विद्यापीठीय माणसाची ही खोडच आहे. पोहावयाचे झाले तरी तो आधी ग्रंथसूची करील. त्यांत माउरो जुलियानीची १२० लहान लहान वळणे होती, १८१२ साली व्हिएन्नात प्रसिद्ध झालेली. उजव्या हाताच्या बोटांचा जेवढा म्हणून क्रम कल्पिता येईल तेवढा त्याने कल्पिला आहे; मात्र डाव्या हातास शीण पडू नये म्हणून साऱ्या १२० वळणांना स्वरसमूह दोनच ठेविले आहेत. वाजविणारास ही मोठी सोय आहे. ऐकणारास नाही. शेजारच्या आजी अंगणात तूर वाळवीत बसत. महिनाभर त्यांनी सहन केले, मग एके दिवशी कुंपणावरून विचारले, "काहून जी सर, थे गाणं पुढं काहून जात नाई?" आम्ही त्यांना सांगितले की हे गाणे नव्हे, व्यायाम आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ज्या गावात १९१४ पासून उभे आहे त्या गावच्या माणसास व्यायामाचे महत्त्व पटावयास हवे होते. आजी म्हणाल्या, "व्यायामच करायचा त घरात काहून करता, आखाड्यात जा ना!"

नखांचेही एक प्रकरण झाले. तार बोटाच्या मांसल टोकाने छेडावी की नखाने, हा वाद गिटारवाल्यांत दोनशे वर्षे चालू आहे. फर्नांदो सोर नखाच्या विरुद्ध होता, त्याचा मित्र दियोनिसियो आग्वादो नखाचा पुरस्कर्ता. पॅरिसमध्ये दोघे एका छपराखाली राहिले, एकत्र वाजविले, सोरने दोघांसाठी 'दोन मित्र' या नावाची रचनाही लिहिली. पण नखाच्या बाबतीत मैत्री आड आली नाही. पुढे तार्रेगाने आयुष्याच्या उत्तरार्धात नखे काढून टाकली, आणि सेगोव्हियाने नख व मांस दोन्हींच्या संगतीने स्वर काढून वाद मिटविला, किंवा निदान झाकला. आम्ही सेगोव्हियाच्या पक्षास मिळालो. त्याचा परिणाम असा की डाव्या हाताची नखे तळाशी कापलेली आणि उजव्या हाताची वाढविलेली, अशा अवस्थेत खडू घेऊन फळ्यासमोर उभे राहणे आले. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, एकाच हाताची नखं वाढवून कॉलेजात जाता, पोरं काय म्हणतील?" पोरे काही म्हणाली नाहीत. सुताराकडून आणलेल्या बारीक पॉलिशकागदाने रोज रात्री नखे घासताना मात्र, हीच चिकाटी तरुणपणी प्रबंधावर खर्च केली असती तर, हा विचार मनात येऊन गेला.

वऱ्हाडची हवा ही आमची तिसरी अडचण. ज्या लाकडाची गिटार होते ते हवेतील ओलाव्याबरोबर फुगते व आक्रसते. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता तिला मानवते, असे कारागीर सांगतात. अमरावती-अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो आणि हवेतील ओल नाहीशी होते. २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही पाहतो तो पडद्यांची धातूची टोके गळ्याच्या कडेबाहेर आली आहेत व हाताला करवतीसारखी लागताहेत. धातू वाढली नव्हती. लाकूड मागे सरले होते. यावर आम्ही गिटार कूलरसमोर ठेवली. माणसास जे सुखावह ते तिलाही असेल, हा आमचा सरळ हिशेब. आठ दिवसांत तिचे पोट फुगले आणि तारा पडद्यांपासून वर उचलल्या गेल्या. शेवटी साबणाच्या डबीस भोके पाडून, तीत ओला स्पंज घालून ती गिटारीच्या पेटीत ठेवावयाची, ही युक्ती सापडली. वाळ्याच्या पडद्याची ही धाकटी बहीणच. असो.

त्याच वर्षी सर्वांचीच घरकोंडी झाली. अमरावतीकरांच्या वाट्यास तर ती २०२१ च्या फेब्रुवारीत, इतरत्र दारे उघडत असताना, पुन्हा एकदा आली. व्याख्याने घरूनच, तीही न दिसणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर. उरलेला सारा वेळ आमचा. रोज तीन-तीन तास आम्ही वाजवू लागलो, आणि एकच रचना वाजवू लागलो. तिला नुसते 'रोमान्स' म्हणतात. कर्ता कोण याबद्दल अद्याप एकमत नाही. १९५२ च्या एका फ्रेंच चित्रपटात नार्सिसो येपेसने ती वाजविल्यापासून गिटार हाती धरणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा तिच्या नादी लागतो. रचना दिसते सोपी. प्रत्येक मात्रेत तीन स्वर. अनामिका पहिल्या तारेवर सुरावट म्हणते, मध्यमा व तर्जनी तिच्यामागून दुसऱ्या-तिसऱ्या तारेवर झुलत येतात, आणि दर तीन मात्रांच्या आरंभी अंगठा खाली खर्ज धरतो. निनावी कर्त्याचे गाणे निनावी बोटाने म्हणावे, ही योजना आम्हांस फार आवडली. वर्गात असतो तर यावर दहा मिनिटे बोललो असतो.

परंतु अनामिकेस आपल्या पूर्वजांनी नाव दिले नाही, यात काही अर्थ असावा. वाचकांनी तळहात टेबलावर पालथा ठेवावा, मध्यमा आत मुडपावी, आणि मग एकेक बोट उचलून पाहावे. तर्जनी उठेल, करंगळी उठेल. अनामिका जागची हलणार नाही. हाताच्या पाठीवर तिची शीर शेजारच्या शिरांशी बांधलेली आहे. एकटीने उठण्याची तिला मुभा नाही. एकत्र कुटुंबातील सुनेसारखी तिची स्थिती. सोरने तर शक्य तेथवर अंगठा, तर्जनी व मध्यमा यांवरच भागविले आणि चौथा स्वर एकदम लागल्यावाचून अनामिकेस बोलाविले नाही. नेमक्या त्याच बोटाकडे 'रोमान्स'च्या कर्त्याने सारे गाणे सोपविले आहे.

आम्ही अनामिकेच्या मागे लागलो. तिचा आवाज क्षीण येतो म्हणून तिला जोर दिला. जोर द्यावयास मनगट वाकविले. एका जुन्या छायाचित्रातील वादकाचे मनगट हंसाच्या मानेसारखे वाकलेले आम्ही पाहिले होते व ते आम्हांस शोभिवंत वाटले होते. रॉबर्ट शूमान या संगीतकाराने तरुणपणी, १८३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत, उजव्या हाताचे बोट कायमचे अधू करून घेतले आणि त्याचे पियानोवादन तेथेच संपले. ते कशाने झाले याबद्दल चरित्रकारांत मतभेद आहेत; पण बोट बळकट करण्यासाठी वापरलेल्या यंत्राची कथा प्रसिद्ध आहे, आणि ती आम्ही वर्गात अनेकदा, तरुणांच्या अविचाराचे उदाहरण म्हणून, सांगितलेली आहे. २०२२ च्या पावसाळ्यात एके सकाळी आमच्या हातून चहाचा पेला सुटला.

डॉक्टर भला माणूस. त्याने मनगट दाबून पाहिले, आम्हांस काय करता असे विचारले, आम्ही लेखन सांगितले. तो म्हणाला, "लिहिताना मनगट इतकं वाकतं?" तेव्हा खरे सांगावे लागले. तीन महिने वाद्याला हात लावावयाचा नाही, असे ठरले. त्या तीन महिन्यांत आम्हांस जे वाटले ते लिहावयास संकोच होतो. कन्या दूर गेली तेव्हा तिच्या जागी काहीतरी आले होते. ते गेल्यावर दोन्ही गेल्यासारखे झाले. सौभाग्यवतीही संध्याकाळी अकारण दार उघडून पाही.

रिकाम्या वेळात आम्ही आमचे जुने वादन ऐकले. भ्रमणध्वनीवर मुद्रित करून पुण्यास पाठविलेले तुकडे होते. वाजविताना माणूस स्वतःचे वादन ऐकत नाही, स्वतःची इच्छा ऐकतो. हे तेव्हा प्रथम कळले. ऐकतो तो आतून काहीतरी लंगडत होते. स्वर बरोबर, तारा सुरात, तरी प्रत्येक तीन मात्रांच्या आरंभी पाय अडखळल्यासारखे होई. काय ते कळेना. पुस्तकांत हा रोग नव्हता. पुस्तक आपल्याशी बोलते, आपल्याला ऐकत नाही.

दिवाळीपूर्वी तारा घ्यावयास जयस्तंभ चौकाजवळच्या दुकानात गेलो असता तेथे एक तरुण गिटार जुळवीत बसला होता. उठून उभा राहिला, "नमस्कार, सर" म्हणाला. चेहरा ओळखीचा वाटला. नाव आठवेना, आणि मग एकदम सर्वच आठवले.

आठ-नऊ वर्षांपूर्वी तो आमच्या वर्गात होता. इंग्रजी कविता मोठ्याने वाचून घेण्याची आमची पद्धत आहे. आपल्या वृत्तांत लघुगुरू मोजतात तसे तिकडे आघात मोजतात, आणि ते मोजणे कानाने शिकावे लागते. तो उभा राहून वाचू लागला. खेड्यातून आलेला, इंग्रजीची धास्ती घेतलेला मुलगा. एकेक शब्द बोट ठेवून वाचीत होता. आम्ही त्यास थांबविले आणि म्हणालो, "आपण बसा. आपल्याला लयच नाही. ज्याला लय नाही त्याने गद्यात राहावे." वाक्य आम्हांस चांगले साधल्यासारखे वाटले. वर्ग हसला. पुढल्या वर्षी तो वाङ्मयाच्या वर्गात दिसला नाही. त्याने विषय बदलल्याचे कोणीतरी सांगितले. आम्ही त्यावर विचार केला नव्हता. वर्षाला दोन-चार मुले विषय बदलतातच.

आता तो लग्नसमारंभांतील वाद्यवृंदांत वाजवितो, आणि संध्याकाळी बडनेऱ्याच्या रस्त्यावर एका खोलीत मुलांना शिकवितो. आम्ही तारा घेतल्या, पैसे दिले, दाराशी आलो, परत फिरलो. आमचे एकदा ऐकाल का, असे विचारले. हे वाक्य उच्चारण्यास आम्हांस जेवढा वेळ लागला तेवढ्यात दुकानदाराने दुसऱ्या एका गिऱ्हाइकास टाळ विकले.

रविवारी त्याच्या खोलीत गेलो. भिंतीशी लहान लहान गिटारी टेकून ठेविलेल्या, खाली सतरंजी, आमच्यासाठी त्याने कोठून तरी खुर्ची आणली होती. आम्ही 'रोमान्स' वाजविली. वाजवून झाल्यावर तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सर, स्वर चांगला आहे. पण ल..." आणि तेथेच थांबला. शब्द तोंडात आला होता, तो त्याने गिळला. खोलीतील पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. मग वेगळ्या शब्दांत, जमिनीकडे पाहत, तो म्हणाला, "तुमचा अंगठा उशिरा येऊन राह्यला, सर."

अंगठा! तीन वर्षे आम्ही अनामिकेची शिकवणी घेत होतो आणि गुन्हेगार शेजारी बसला होता. त्याने आमचा हात हातात घेतला. विद्यार्थ्याने शिक्षकाचा हात असा धरण्याचा आपल्याकडे रिवाज नाही, हे त्याच्याही ध्यानात आले असावे, कारण आधी "माफ करा" म्हणाला. मनगट सरळ केले. वाकलेल्या मनगटामुळे आमचा अंगठा तळव्याच्या आत, बोटांच्या मागे दडला होता. खर्जाच्या तारेस पोहोचावयास त्यास वळसा घालून यावे लागे. म्हणून अनामिका वेळेवर, अंगठा केसभर मागून. अंगठा बोटांच्या पुढे, गिटारीच्या गळ्याच्या बाजूला हवा. बोट हलवावे ते पेराच्या टोकाशी ओढून नव्हे, तर मुळाच्या सांध्यापासून. छेडण्यापूर्वी अंगठा तारेवर आधीच येऊन बसलेला असावा, म्हणजे त्यास फक्त निघावयाचे उरते. अनामिकेचा आवाज क्षीण येतो तो तिच्या दुबळेपणामुळे नव्हे. खालून खर्ज वेळेवर मिळत नाही म्हणून. "अंगठा म्हणजे डग्गा, सर," तो म्हणाला. "डग्गा हलला की चाट काय करते बिचारी?"

पंधरा दिवस फक्त अंगठा, असा हुकूम झाला. अमेरिकेत केंटकी प्रांतातल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात मर्ल ट्रॅव्हिस नावाचा एक वादक होऊन गेला (१९१७–१९८३). तो अंगठ्याने दोन तारांवर आळीपाळीने खर्ज चालता ठेवी आणि वरचे गाणे बहुतेक एकट्या तर्जनीने म्हणे. ते आमच्या या नव्या गुरूने त्याच्या भ्रमणध्वनीवर आम्हांस ऐकविले. आम्ही मेट्रोनोम लावून तसा अंगठा चालवू लागलो. मेल्ट्सेलने १८१५ साली या यंत्राचे पेटंट घेतले. मूळ कल्पना आम्स्टरडॅमच्या विंकेल नावाच्या कारागिराची, आणि ती त्याने उचलली. पण चोरीच्या मालाने इतके खरे बोलावे याचे आश्चर्य वाटते. आम्ही घाई करीत होतो. आम्हांस सर्वत्र घाई असल्याचे त्या टकटकीने सांगितले. सोपे आले की धाव, अवघड आले की थबक. व्याख्यानातही आमचे असेच होते की काय, हे विचारावयास कोणी नव्हते.

या शिकवणीस आता तीन वर्षे होत आली. दर रविवारी दीड तास. फी घ्यावयास तो तयार नव्हता. आम्ही आग्रह धरला. शेवटी इतर मुलांइतकीच घेईन, अधिक नाही, यावर मिटले. अभ्यास वीस-वीस मिनिटांचा, दिवसातून तीनदा, मध्ये हात सोडून बसावयाचे. मनगट दुखत नाही. 'रोमान्स'चा दुसरा भाग, ज्यात आडव्या बोटाने साऱ्या तारा दाबाव्या लागतात, तो अद्याप साधलेला नाही, आणि वयाच्या या टप्प्यावर कदाचित साधणारही नाही. पहिला भाग लंगडत नाही. गेल्या उन्हाळ्यात कन्या आली असता तो ऐकून ती म्हणाली, "बाबा, माझी गिटार एवढी चांगली वाजते?" शेजारच्या आजी मात्र ते ऐकावयास राहिल्या नाहीत; दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. गाणे पुढे गेल्याचे त्यांना सांगावयाचे राहून गेले.

राहता राहिली वर्गातली ती गोष्ट. ती काढण्याचा आम्ही अनेकदा प्रयत्न केला. पहिल्या हिवाळ्यात एकदा धीर करून म्हणालोही, "वर्गात एकदा आमच्या तोंडून एक वाक्य गेलं होतं—" त्याने पुरते बोलू दिले नाही. "जाऊ द्या ना जी, सर. साठवर लावा मेट्रोनोम." आम्ही साठवर लावला.

परवाच्या रविवारी शिकवणी आटोपल्यावर त्याने दार लावून घेतले आणि, आम्ही वहाणा घालीत असता, विचारले, "सर, ती कविता कशी वाचायची होती?"

कोणती कविता, हे आम्हांस आठवले नाही. वाक्य आठवत होते, त्याचा शब्द न् शब्द, वर्गाचे हसणेही, कविता आठवेना. आम्ही दोन-तीन नावे घेतली. तो मान हलवीत राहिला. मग त्याने सांगितली; कवितेचे नाव नव्हे, ते त्यास धड उच्चारता येईना म्हणून, पुस्तकाचे पान. एकशे सत्तेचाळीस. उजव्या बाजूचे, वरून तिसरे कडवे.

ते पाठ्यपुस्तक अभ्यासक्रमातून गेले त्यास बराच काळ झाला. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चौकशी केली. जुन्या प्रती रद्दीत निघाल्या. घरी माळ्यावर तीन खोकी आहेत, त्यांपैकी दोन पाहून झाली. तिसरे आज रात्री उतरवू. पुढल्या रविवारी त्यास दाखवावयाचे आहे.